रात्रीच्या बॅकअपची झाडाझडती

संगणकातील माहितीची दुसरी प्रत ठेवावी, हे आता कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. सनदी लेखापालाच्या कार्यालयातील हिशेब असोत, रोगनिदान केंद्रातील अहवाल असोत वा छायाचित्रकाराने वर्षानुवर्षे जमविलेला संग्रह असो. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकातील अशी माहिती रात्री आपोआप दुसऱ्या संगणकावर उतरविण्याची व्यवस्था अनेक ठिकाणी केलेली असते. ही व्यवस्था एकदा बसविली की तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही आणि धोका नेमका तिथेच असतो. दिवसा बिघडलेला प्रिंटर लगेच लक्षात येतो. रात्री बंद पडलेला बॅकअप मात्र मूळ डिस्क निकामी होईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

या बाबतीत तज्ज्ञांचीही फसगत होते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत दोन डेटाबेस सर्व्हरमधील बिघाड दुरुस्त करताना एका अभियंत्याच्या हातून चुकीच्या सर्व्हरवरील माहिती पुसली गेली. सुमारे ३०० गिगाबाइटपैकी जेमतेम साडेचार गिगाबाइट उरले. बॅकअप शोधण्यास सुरुवात झाली, तेव्हा रोज घेतल्या जाणाऱ्या प्रतींची जागा रिकामीच आढळली. प्रत काढणारे साधन डेटाबेसच्या ९.२ आवृत्तीचे होते आणि प्रत्यक्ष डेटाबेस ९.६ आवृत्तीचा होता. त्यामुळे ते साधन दर वेळी चूक दाखवून थांबत होते. चुकीची सूचना देणारी ई-पत्रे क्रॉन पाठवीत होता. परंतु पत्र पाठविणाऱ्याची सत्यता तपासणाऱ्या नियमांत ती बसत नसल्याने नाकारली जात होती. एका अभियंत्याने सुमारे ६ तास आधी, वेगळ्याच कामासाठी, हाताने घेतलेली प्रत अखेर उपयोगी पडली. मधल्या ६ तासांतील नोंदी कायमच्या गेल्या.

या घटनेचा धडा लहान कार्यालयांनाही तितकाच लागू पडतो. बॅकअप बिघडणे ही नेहमीची गोष्ट आहे; तो बिघडल्याचे न कळणे ही आपत्ती होय. म्हणूनच दोष शोधताना नुसती अटकळ न बांधता प्रत ज्या वाटेने जाते, त्या वाटेवरचा प्रत्येक टप्पा क्रमाने तपासावा लागतो.

तीन दुवे

लिनक्समधील सर्वसाधारण व्यवस्थेत तीन दुवे असतात. पहिला दुवा क्रॉनचा. ठरलेल्या वेळी ठरलेली आज्ञा चालविणे एवढेच त्याचे काम. युनिक्स प्रणालीत तो १९७० च्या दशकापासून आहे आणि लिनक्समध्ये रूढ झालेली त्याची आवृत्ती पॉल व्हिक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिली. दुसरा दुवा एसएसएचचा. दोन संगणकांमधील संभाषण गुप्त ठेवणारी ही पद्धत फिनलंडमधील तातु युलोनेन यांनी १९९५ मध्ये तयार केली. तिसरा दुवा आरसिंकचा. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये आणलेले हे साधन संपूर्ण फाइल पुन्हा न पाठविता तिच्यातील बदललेला भागच पाठविते. त्यामुळे पहिल्या रात्री कित्येक तास घेणारे काम पुढे काही मिनिटांत उरकते.

तिन्ही साधने कसोटीला उतरलेली आहेत. बिघाड होतो तो बहुधा त्यांच्या सांध्यांत.

काम सुरू तरी झाले का?

पहिला प्रश्न हा. प्रणालीच्या लॉगमध्ये क्रॉनने काम सुरू केल्याची नोंद वेळेसह सापडते. बहुतेक वितरणांत ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेने ती पाहता येते. नोंदच नसेल, तर आरसिंक वा नेटवर्क यांची तपासणी करण्यात अर्थ नाही. दोष वेळापत्रकात आहे.

वेळापत्रकातील चुका ठरावीक असतात. प्रत्येक वापरकर्त्याचे वेळापत्रक वेगळे असते. एकाच्या नावाने लिहिलेले काम दुसऱ्याच्या नावाखाली शोधले जाते. संपूर्ण प्रणालीच्या वेळापत्रकात वापरकर्त्याच्या नावाचा एक जास्तीचा रकाना असतो. तो गाळला तर आज्ञेचा पहिला शब्दच नाव समजला जातो. वेळापत्रकाच्या ओळीत टक्क्याचे चिन्ह जसेच्या तसे लिहिले तर क्रॉन तेथे ओळ तोडतो. फाइलच्या नावात तारीख घालू पाहणाऱ्या आज्ञा या एकाच चिन्हामुळे अर्ध्यावर तुटतात. ते चिन्ह उलट्या तिरप्या रेघेने सुरक्षित करावे, अथवा संपूर्ण आज्ञा वेगळ्या स्क्रिप्टमध्ये लिहावी.

डेबियन आणि उबुंटू यांत आणखी एक खोच आहे. रोजच्या कामांच्या फोल्डरमध्ये ठेवलेल्या स्क्रिप्टच्या नावात टिंब असेल, तर ती चालविलीच जात नाही. ‘बॅकअप’ या नावाची स्क्रिप्ट चालते; त्याच नावापुढे टिंब आणि ‘एसएच’ जोडले की ती वगळली जाते आणि त्याबद्दल चकार शब्द निघत नाही.

संगणक त्या वेळी जागा असणेही आवश्यक असते. रात्री २ वाजता यंत्र बंद असेल वा निद्रावस्थेत असेल, तर क्रॉन ते काम नंतर भरून काढत नाही. अशा यंत्रांसाठी अ‍ॅनाक्रॉन किंवा सिस्टमडीचा टायमर वापरावा. टायमरमध्ये ‘पर्सिस्टंट’ हा पर्याय ठेवला की चुकलेले काम यंत्र सुरू होताच हाती घेतले जाते. भाड्याने घेतलेल्या सर्व्हरचे घड्याळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर असते, हेही ध्यानात ठेवावे. तेथील रात्रीचे २ म्हणजे भारतातील सकाळचे साडेसात. कार्यालय उघडण्याच्या सुमारास नेटवर्क मंदावत असेल, तर कारण इथे सापडू शकते.

हाताने चालते, रात्री चालत नाही

ही सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार आहे. माणूस जेव्हा संगणकावर काम करतो, तेव्हा त्याच्या खात्यातील अनेक सोयी आधीच सज्ज असतात. क्रॉनला त्या मिळत नाहीत. आज्ञा शोधण्याच्या जागांची त्याची यादी फार तोकडी असते, घर समजले जाणारे फोल्डर वेगळे असू शकते आणि आज्ञा वाचणारा शेल बॅशऐवजी साधा असू शकतो. म्हणून स्क्रिप्टमध्ये प्रत्येक आज्ञेचा आणि फाइलचा संपूर्ण मार्ग लिहावा व कोणता शेल हवा ते पहिल्या ओळीत स्पष्ट करावे. विंडोजवर लिहून आणलेल्या स्क्रिप्टमध्ये ओळीच्या शेवटी एक न दिसणारे जादा चिन्ह असते. त्यामुळे लिनक्सला शेल सापडत नाही. तेही काढून टाकावे.

सर्वांत मोठा फरक मात्र किल्लीचा असतो. एसएसएचची खासगी किल्ली परवलीच्या शब्दाने सुरक्षित केलेली असेल, तर दिवसा तो शब्द एकदाच टाईप केला जातो आणि ‘एजंट’ तो लक्षात ठेवतो. रात्री हा एजंट क्रॉनच्या हाताशी नसतो आणि शब्द विचारण्यासाठी समोर माणूसही नसतो. अशा कामासाठी परवलीच्या शब्दाविना स्वतंत्र किल्ली तयार करून समोरच्या संगणकावर तिला केवळ बॅकअपच्या आज्ञेपुरतीच परवानगी देणे, हा रूढ उपाय होय. एसएसएचला ‘बॅचमोड’ हा पर्याय दिला, तर ते प्रश्न विचारीत थांबत नाही. सरळ अपयश नोंदविते. तपासणीसाठी हे फार उपयुक्त ठरते.

समोरचे दार उघडले का?

जोडणी नाकारली गेल्यास संदेश नीट वाचावा, कारण प्रत्येक संदेशाचा अर्थ वेगळा असतो. जोडणीची वेळ संपल्याचा संदेश आला, तर समोरचे यंत्र बंद असते, त्याचा पत्ता बदललेला असतो किंवा फायरवॉल आड येत असते. राउटर पुन्हा सुरू झाल्यावर यंत्रांना नवे पत्ते मिळणे, हे लहान कार्यालयांतील नेहमीचे कारण आहे. बॅकअपच्या यंत्रास कायमचा पत्ता राखून ठेवावा. जोडणी तत्काळ नाकारली गेल्यास यंत्र बहुधा चालू असते, परंतु एसएसएचची सेवा सुरू नसते.

परवानगी नाकारल्याचा संदेश आल्यास समोरच्या खात्यातील फोल्डरांचे अधिकार पाहावेत. घराचे वा किल्ल्यांचे फोल्डर इतरांना लिहिण्यासाठी खुले असेल, तर एसएसएच सुरक्षिततेपोटी त्यातील किल्ली ग्राह्य धरत नाही. किल्ल्यांच्या फोल्डरला ७०० आणि अधिकृत किल्ल्यांच्या फाइलला ६०० असे अधिकार असावेत. यंत्राची ओळख बदलल्याचा इशारा आला, तर तो डोळे झाकून पुसू नये. समोरील यंत्रावर लिनक्स नव्याने बसविले असेल तर इशारा अपेक्षित आहे. तसे नसेल तर मध्येच कोणी तिसरा उभा नाही ना, याची खात्री करावी.

एका संगणकाचे अद्ययावतीकरण झाले आणि दुसरा जुनाच राहिला, तरी दार बंद होऊ शकते. सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच ८.८ या आवृत्तीने आरएसए किल्ल्यांची जुनी, कमकुवत ठरलेली स्वाक्षरीपद्धत मुळातच बंद केली. वर्षानुवर्षे सुरळीत चाललेले बॅकअप अशा अद्ययावतीकरणानंतर एका रात्रीत थांबू शकतात. अशा वेळी कमकुवत पद्धत पुन्हा सुरू करण्यापेक्षा जुन्या यंत्रावरील एसएसएच नवे करणे श्रेयस्कर.

जोडणी होऊनही आरसिंकने नियमावली जुळत नसल्याची तक्रार केली, तर समोरच्या खात्यातील स्वागताचा मजकूर तपासावा. प्रवेश करताच वाक्य छापणारी एखादी ओळ शेलच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये कोणी हौसेने लिहिलेली असते. माणसासाठी ते स्वागत असते. आरसिंकच्या दृष्टीने तो संभाषणात शिरलेला कचरा ठरतो.

प्रत पूर्ण झाली का?

आरसिंक काम संपविताना एक अंक मागे ठेवतो. शून्य म्हणजे यश. २३ म्हणजे काही फाइली चुकीमुळे राहिल्या. बहुधा त्या वाचण्याचा अधिकार नव्हता. २४ म्हणजे काही फाइली प्रत घेता घेता मूळ जागेवरून नाहीशा झाल्या. चालू यंत्रावर तात्पुरत्या फाइली येत-जात असल्याने हा अंक अनेकदा निरुपद्रवी असतो. १२ म्हणजे संभाषण मध्येच तुटले आणि ३० म्हणजे वाट पाहण्याची मुदत संपली. २५५ हा अंक एसएसएचकडून येतो. त्याचा अर्थ जोडणीच फसली.

हे अंक मोलाचे आहेत, पण स्क्रिप्टमध्ये ते सहज हरवतात. आरसिंकनंतर ‘काम पूर्ण’ असे छापणारी ओळ असेल, तर स्क्रिप्टचा निकाल त्या शेवटच्या ओळीवरून ठरतो आणि फसलेला बॅकअपही यशस्वी दिसतो. आरसिंकचा अंक लगेच जपून ठेवावा आणि स्क्रिप्टने तोच परत करावा.

काम सकाळपर्यंत लांबत असेल आणि दुसऱ्या रात्रीचे काम त्यावर आदळत असेल, तर ‘फ्लॉक’ या आज्ञेने कुलूप लावावे. पहिले काम संपेपर्यंत दुसरे सुरू होत नाही. चालू डेटाबेसच्या फाइली थेट उचलू नयेत. प्रत घेताना त्या बदलत असल्याने मिळालेली प्रत आतून विसंगत असू शकते. आधी डेटाबेसच्या स्वतःच्या साधनाने नक्कल काढावी, ती पूर्ण झाल्याची खात्री करावी आणि मगच ती दुसऱ्या संगणकावर पाठवावी.

जागा आहे का आणि तीच जागा आहे का?

डिस्क भरणे हे कारण ‘डीएफ’ या आज्ञेने तत्काळ कळते. तथापि जागा शिल्लक असूनही ‘जागा नाही’ असा संदेश येऊ शकतो. लक्षावधी लहान फाइली साठल्या की फाइलींच्या नोंदींची, म्हणजे आयनोडची, मर्यादा आधी संपते. त्याच आज्ञेला ‘आय’ हा पर्याय दिल्यास हे दिसते.

याहून फसवा प्रकार बाहेरच्या डिस्कचा. यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर डिस्क जोडली गेली नाही, तर तिच्या नावाचे रिकामे फोल्डर तेवढे उरते. बॅकअप त्यातच उतरतो, म्हणजे यंत्राच्या मुख्य डिस्कवर. लॉगमध्ये यश दिसते आणि काही दिवसांनी मुख्य डिस्क भरून यंत्रच अडखळते. स्क्रिप्टच्या आरंभी ‘माउंटपॉइंट’ या आज्ञेने डिस्क खरोखर जोडलेली आहे का, हे तपासावे आणि नसल्यास काम तेथेच थांबवावे.

पुसण्याचा अधिकार

मूळ जागी नसलेल्या फाइली प्रतीतूनही काढून टाकणारा ‘डिलीट’ हा आरसिंकचा पर्याय सोयीचा आहे, पण तितकाच धारदार. मूळ डिस्क जोडली गेली नाही, तर आरसिंकला मूळ फोल्डर रिकामे दिसते आणि तो प्रतही इमानाने रिकामी करतो. मूळ फोल्डरच्या नावापुढे तिरपी रेघ असणे वा नसणे याचाही अर्थ बदलतो. रेघ असेल तर फोल्डरमधील ऐवज जातो, नसेल तर फोल्डरच जाते. आज्ञेत बदल केल्यावर प्रथम ‘ड्राय-रन’ या पर्यायाने रंगीत तालीम घ्यावी आणि एका वेळी किती फाइली पुसता येतील यावर ‘मॅक्स-डिलीट’ने मर्यादा घालावी.

पुसणाऱ्या स्क्रिप्टकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, हे जपानमधील क्योटो विद्यापीठाने अनुभवले. तेथील महासंगणकाच्या साठ्यातून १४ ते १६ डिसेंबर २०२१ या काळात सुमारे ७७ टेराबाइट माहिती, म्हणजे जवळजवळ ३ कोटी ४० लाख फाइली नष्ट झाल्या. १४ संशोधन गटांना फटका बसला. त्यांपैकी ४ गटांची माहिती परत मिळण्याजोगी नव्हती. बॅकअपच्या कामातील जुने लॉग पुसणारी स्क्रिप्ट चालू असतानाच तिची सुधारित आवृत्ती तिच्यावर लिहिली गेली होती. शेल स्क्रिप्ट एकदम न वाचता चालता चालता वाचत जातो. अर्ध्यावर मजकूर बदलल्याने स्क्रिप्टमधील चलांना मूल्यच उरले नाही आणि लॉगऐवजी संशोधकांच्या फाइली पुसल्या गेल्या. पुरवठादार कंपनीने चुकीची संपूर्ण जबाबदारी जाहीरपणे स्वीकारली.

यातून दोन नियम निघतात. चालू स्क्रिप्टवर थेट लिहू नये. नवी फाइल तयार करून ती जुन्या नावावर हलवावी. तसेच मूल्य नसलेला चल आढळताच स्क्रिप्ट थांबेल, अशी शेलची सोय सुरुवातीसच चालू करावी.

मौन म्हणजे यश नव्हे

क्रॉन आपल्या कामाचा मजकूर ई-पत्राने पाठवितो, अशी अनेकांची समजूत असते. संगणकावर टपाल पाठविणारी व्यवस्था बसविलेली नसेल, तर तो मजकूर टाकून दिला जातो. पत्र गेले तरी ते कोणी न उघडणाऱ्या स्थानिक टपालपेटीत साठू शकते किंवा गिटलॅबप्रमाणे वाटेतच नाकारले जाऊ शकते.

म्हणून केवळ अपयशाची सूचना पुरेशी नाही. यशाची खूण मागावी आणि ती न आल्यास ओरड व्हावी. स्क्रिप्टने पूर्ण यशानंतर तारखेची एक लहान फाइल लिहावी. दुसऱ्याच संगणकावरील स्वतंत्र कामाने ती फाइल सकाळी तपासावी आणि ती २६ तासांहून जुनी असल्यास संबंधिताला कळवावे. बॅकअप सुरूच झाला नाही, यंत्र बंद होते, नेटवर्क तुटले, पत्र हरवले. या सर्व प्रकारांना ही एकच तपासणी पुरते. प्रतीचा आकार कालच्यापेक्षा अचानक फार घटला वा वाढला, तर तोही इशारा समजावा.

खरी कसोटी

या सर्व तपासण्या पार पडल्या, तरी एक प्रश्न उरतोच. प्रतीतून फाइल परत मिळते का? परत न मिळणारा बॅकअप निरुपयोगी असतो. दरमहा एक दिवस ठरवून प्रतीतील काही फाइली तिसऱ्या ठिकाणी उतरवाव्यात, उघडून पाहाव्यात आणि शक्य असल्यास डेटाबेस उभा करून त्यातील शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे हे पाहावे. परत मिळविण्यास किती वेळ लागतो, हेही तेव्हाच कळते.

दुसरी प्रत त्याच खोलीत असेल, तर आग, पाणी वा चोरी यांपुढे दोन्ही प्रती एकदमच जातात. खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणारे व्हायरस तर नेटवर्कवरून पोहोचता येईल त्या प्रत्येक प्रतीवर झडप घालतात. म्हणून बॅकअपच्या संगणकाने मूळ संगणकाकडून माहिती ओढून घ्यावी. मूळ संगणकाकडे प्रतीत लिहिण्याचा अधिकारच नसावा. जुन्या तारखांच्या प्रतीही काही आठवडे जपाव्यात, कारण नुकसान झाले त्याच दिवशी ते लक्षात येईलच असे नाही. तीन प्रती, दोन प्रकारची साधने आणि एक प्रत वेगळ्या ठिकाणी, हा छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम आजही पुरेसा ठरतो. १९९८ मध्ये पिक्सार कंपनीतील ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाच्या फाइली पुसल्या गेल्या आणि बॅकअपही निकामी निघाला, तेव्हा गॅलिन सुसमन यांच्या घरच्या संगणकावरील प्रतीमुळेच ते काम वाचले.

२०११ पासून ३१ मार्च हा दिवस जागतिक बॅकअप दिन म्हणून पाळला जातो. भारतात त्याच दिवशी आर्थिक वर्ष संपते आणि हिशेबाच्या वह्या मिटतात. वर्षभराचे हिशेब ज्या प्रतीच्या भरवशावर ठेवले आहेत, त्या प्रतीतून निदान एक वही परत उघडून पाहण्यास याहून योग्य मुहूर्त नाही. ती उघडली नाही, तर ते निदान वेळीच कळलेले असेल.